शाळेत पाळणा बांधणाऱ्या ताराबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही काही लिहून द्यावे, असे अध्यक्ष वहिनींनी सांगितले, तेव्हा मी घाबरूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाताच्या मजुरीचा हिशेब आणि मंडळाच्या बचतीची वही, यापलीकडे माझ्या हातून कधी लिहिणे झाले नाही. एखादी पाककृती मागितली असती तर चटकन दिली असती. पण गेले वर्षभर एका बाईंचे चरित्र माझ्या मनात घर करून राहिले आहे. ते आपल्या भगिनींना सांगावे असे फार वाटते, म्हणून हे धाडस करीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

माझी थोरली मुलगी शिक्षिकेचा अभ्यासक्रम करते. तिच्या पुस्तकात कै. ताराबाई मोडक यांच्यावर एक धडा होता. दुपारी भांडीकुंडी आवरल्यावर मी तो सहज वाचायला घेतला आणि वाचता वाचता माझे डोळे भरून आले. मुलीला त्याचे कारण कळेना. तिला जे सांगितले, तेच आधी इथे सांगते.

मी दुसरीत होते तेव्हा माझा धाकटा भाऊ अंगावर पीत होता. आषाढात लावणी सुरू झाली की आई पहाटेच इरले घेऊन खाचरात जायची. आजी गुडघ्यांनी अधू झालेली. मग भावाला कडेवर घेऊन मी शाळेत जायची. आत बसायची सोय नव्हती, म्हणून दाराशी बसायची. तो झोपला तर फळ्यावरचे दिसायचे, रडला तर गुरुजी घरी जायला सांगायचे. इतर मुलांचा अभ्यास मोडतो, हे त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. पुढे भाऊ मोठा झाला, मग बहीण आली. ओढत ओढत मी सातवीपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी आजी गेली, पुढची शाळा दूर होती, आणि माझी पाटी कायमची फळीवर गेली. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. खाचरात पाणी उभे असले की लावणी थांबत नाही. आई तरी काय करणार होती? पण घर एकीकडे, शाळा दुसरीकडे, गाव तिसरीकडे, आणि त्यांच्यामध्ये कडेवर मूल घेतलेली एक पोर उभी, हे चित्र माझ्या मनातून कधी गेले नाही.

ताराबाईंनी हेच चित्र पाहिले आणि त्यावर उपाय शोधला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले, सुधारक विचारांचे. आई उमाबाई यांचा तो पुनर्विवाह होता. त्या काळी विधवेने पुन्हा संसार मांडणे म्हणजे केवढी लोकनिंदा सोसावी लागत असेल, याची कल्पना आपणांस सहज येईल. अशा घरात वाढलेल्या मुलीला लोक काय म्हणतील याची भीती कमीच वाटायची. मुली चार बुके शिकल्या तरी पुष्कळ, असे मानण्याच्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढे त्यांचे लग्न अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाले. घर सुखवस्तू होते, पण संसार टिकला नाही. १९२१ साली, म्हणजे ज्या वर्षी रामनवमीला आपल्या मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी, ताराबाई पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरी लहानगी मुलगी. एकटीने मूल वाढवायचे आणि पोटासाठी बाहेरही पडायचे, ही अडचण त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती, अंगावर घेतली होती. मोठ्या माणसांच्या मोठ्या कामाचे मूळ पुष्कळदा अशा घरगुती दुःखात असते, असे मला वाटते.

त्यानंतर राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या मुख्य झाल्या. शिक्षिका तयार करणारी ती संस्था. त्या जागेवर आलेल्या त्या पहिल्याच भारतीय बाई. मान होता, पगारही चांगला होता. पण तिथे असतानाच भावनगरच्या गिजुभाई बधेका यांचे काम त्यांच्या कानावर आले. हे गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. मोठ्या मिशांचे हे गृहस्थ मुलांत इतके रमत की लोक त्यांना मिशाळ आई म्हणत. ताराबाई १९२३ साली पगाराची नोकरी सोडून तिथे गेल्या.

तिथे काय चालले होते, ते थोडे सांगायला हवे. अडीच ते सहा वर्षांच्या मुलाला काय कळते, त्याला नुसते सांभाळायचे, अशीच तेव्हा समजूत होती. इटली देशात मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टर बाई होत्या. १९०७ साली रोम शहरातल्या मजूर वस्तीत त्यांनी एका चाळीसारख्या इमारतीत बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले जिन्यात धिंगाणा घालायची, भिंती खराब करायची, म्हणून त्यांच्यासाठी खोली मिळाली होती. त्या बाईंनी पाहिले की मुलाला हाताने काही करू दिले, निवडू दिले, ओतू दिले, बटणे लावू दिली, की ते धाक न घालता शांत होते आणि आपोआप शिकते. आपण मात्र पोराने पाण्याच्या तांब्याला हात लावला की ओरडतो. गिजुभाई आणि ताराबाई यांनी ही पद्धत आपल्या मातीत आणली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी शिक्षणपत्रिकेतून पालकांसाठी लिहिले, कारण शाळेत मुलाला जपायचे आणि घरी त्याला मारायचे, तर शाळेचे काम फुकट जाते, हे त्यांनी ओळखले होते. भावनगरहून पुढे त्या मुंबईत आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. मुलांची शाळा आणि शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर तिथे उभे राहिले.

इथे थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव झाले असते. पण त्यांच्या मनाला एक टोचणी होती. माँटेसरीची साधने महाग. ती घेऊ शकणारी घरे शहरातली, चांगल्या स्थितीतली. ज्या मुलांसाठी रोमला ते घर उघडले होते, ती मजुरांची मुले आपल्या देशात अंगणातल्या धुळीतच होती. गांधीजींच्या विचारांचाही त्यांच्यावर परिणाम झाला होता. खेड्यातल्या गरीब मुलापर्यंत जे शिक्षण पोहोचत नाही, ते अपुरेच, असे त्यांना वाटू लागले.

१९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. २०१४ पासून पालघर जिल्हा. त्याच १९४५ साली त्या भागातल्या वारली लोकांनी गोदावरी परुळेकरांच्या बरोबरीने वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. यावरून तिथली गरिबी किती होती ते ध्यानात येईल. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. आपण चाळिशी ओलांडली की आता नवीन काय शिकायचे म्हणतो. मी तर नेहमीच म्हणते.

त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या पुढे शिकल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या, आणि तिथून ताराबाईंच्या कामात आल्या. गुरू-शिष्या म्हणावे की मायलेकी, असे ते नाते अखेरपर्यंत टिकले.

बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि बालवाडी भरू लागली. पण लवकरच ध्यानात आले की येतात ती बऱ्या घरची मुले. दलित वस्तीतली, मजुरांची मुले काही येत नाहीत. त्यांना आणून सोडणारे घरी कुणी नसायचे, अंगावर धड कपडा नसायचा, आणि गावातल्या इतरांत मिसळण्याचा संकोचही होता. दुसरे कुणी असते तर या लोकांना शिक्षणाची आवडच नाही म्हणून मोकळे झाले असते. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरचे सारवलेले अंगण मिळाले की तीच शाळा. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधने विकत आणायची नाहीत. शिंपले, खडे, बिया, पाने, फुले यांनीच मोजायचे आणि रंग ओळखायचे. बाकीच्या बाया कामे करता करता दारातून पाहायच्या. न बोलावता आईची शाळा तिथेच भरायची. अंगणात भरणारी वाडी, ती अंगणवाडी. आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो तो शब्द असा जन्माला आला.

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या. तिथे वारल्यांचे पाडे दूर दूर विखुरलेले. आपल्याकडे कातकरी आणि ठाकर वाड्या जशा डोंगराच्या कुशीत असतात, तसेच. शाळा उघडली तरी मुले दिसेनात. कारणे शोधली तेव्हा कळले की ही मुले रिकामी नाहीतच. मुलगे गुरे राखतात आणि मुली भावंडे सांभाळतात. मूल घरचे काम करते म्हणून तर घराची चूल पेटते. त्या आईबापांना रागावून काय उपयोग?

मग गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. गुरे जिथे चरतात तिथेच शिक्षकाने जायचे, झाडाखाली फळा टांगायचा, आणि गुरांवर एक डोळा ठेवून मुलांनी शिकायचे. गुरे हलली की शाळाही हलली.

आणि मुलींसाठी त्यांनी जे केले, ते वाचताना मला रडू आले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही त्यांनी एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणतात. थोरली मुलगी येताना कडेवरचे तान्हे घेऊनच येणार. तान्हे पाळण्यात, मधले भावंड बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात. तान्हे रडले तर सांभाळणारी बाई आहे, आणि बहिणीलाही चार पावलांवर ते दिसते आहे. आई रानात कामाला, पण तिन्ही लेकरे एका छपराखाली आहेत म्हणून निश्चिंत. मोठ्या मुलींना लहान मुलाला कसे स्वच्छ ठेवावे, कसे भरवावे, याचे ज्ञानही तिथेच मिळायचे. म्हणजे उद्याच्या आयाही त्याच शाळेत तयार होत होत्या. दाराशी बसलेल्या मुलीला बाईंनी घरी पाठवले नाही, तिच्या कडेवरच्या भावासह आत घेतले. एवढी साधी गोष्ट! पण ती सुचायला सारे आयुष्य मुलांत घालवावे लागले.

या चरित्रातून मी एक गोष्ट शिकले. मुलाचा विकास घराने करायचा की शाळेने, यावर आपण उगाच वाद घालतो. शिक्षक म्हणतात, पालकांचे लक्ष नाही. पालक म्हणतात, शाळेत काही शिकवत नाहीत. गाव म्हणते, आम्हाला काय त्याचे? ताराबाईंनी असा वाद घातला नाही. घराने मूल पाठवावे, शाळेने त्या घराची अडचण आपली मानावी, आणि वस्तीने आपले अंगण मोकळे करून द्यावे, अशी त्यांनी तिघांची सांगड घातली. यातला एक जण मागे सरला तर ओझे जाते ते बहुधा थोरल्या मुलीच्या कडेवर.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आरंभी देशात ३३ ठिकाणी. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशभर सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. हे पाहायला ताराबाई नव्हत्या. अनुताईंनी मात्र कोसबाडचे काम पुढे चालवले आणि १९९२ साली त्याही गेल्या.

आता आपल्या घरचे बोलते. आपल्या गावात अंगणवाडी आहे, ताई मन लावून काम करतात. तीन वर्षांवरच्या मुलांची सोय तिथे होते. लहान बाळांचे वजन घेतात, लस टोचतात, आहार देतात. पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाला दिवसभर ठेवायचे कुठे? शाळा जूनमध्ये उघडते आणि पुढच्याच महिन्यात लावणी येते. त्या तीन-चार आठवड्यांत शाळेच्या पटावरच्या मुली, विशेषतः वाडीवरच्या, घरी दिसतात. प्रत्येकीच्या कडेवर कुणी ना कुणी असते. मी दाराशी बसले होते त्याला आता तीसपेक्षा जास्त वर्षे झाली. दार मात्र अजून तेच आहे.

गेल्या आषाढात आपल्यापैकी चौघींनी देवळाच्या सभामंडपात झोळ्या बांधून पाहिल्या, हे पुष्कळ जणींना ठाऊक आहे. पहिले चार दिवस एकही मूल आले नाही. आम्ही हिरमुसलो. आपण एवढे करतो आणि यांना किंमत नाही, असेही तोंडून निघून गेले. त्यात मीही होते. मग बोर्डीची गोष्ट आठवली. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही स्वतः वाडीवर गेलो. तिथल्या एका आजीबाईंना बरोबर बसायची विनंती केली, कारण ओळखीचे माणूस असल्याशिवाय आई आपले तान्हे परक्या हाती देत नाही. आपण तरी दिले असते का? त्या आजी आल्या आणि त्यांच्यामागे सहा मुले आली. लावणी संपेपर्यंत अकरा झाली. त्यातल्या पाच जणांच्या बहिणी त्या आठवड्यांत शाळेत गेल्या. पाच हा आकडा लहान आहे खरा. पण त्या पाचांपैकी एकीच्या जागी स्वतःला बसवून पाहिले म्हणजे तो लहान वाटत नाही.

या वर्षीच्या सभेत मंडळाच्या शिलकीचे काय करावे हा विषय आहे. लग्नकार्यासाठी मोठी भांडी घ्यावीत, असे काही जणींचे मत आहे. ती गरज खोटी नाही. पोर आजारी पडले, पडले-झडले तर जबाबदारी कुणाची, असेही एका काकूंनी विचारले आहे. त्यांचा प्रश्न योग्य आहे. त्यावर माझ्यापाशी एकच उत्तर आहे : एकटीवर टाकली तर ही जबाबदारी कुणालाच पेलणार नाही. अंगणवाडीच्या ताई, शाळेचे गुरुजी, आरोग्यसेविका, वाडीवरच्या आजी आणि आपण, अशी वाटून घेतली तर ती कुणालाच जड होणार नाही. मोठाले पातेले एक वर्ष उशिरा घेतले तरी चालेल. दुसरीतली मुलगी मात्र पुन्हा दुसरीच्या वयाची होत नाही.

म्हणून माझी नम्र विनंती आहे की या आषाढात सभामंडपातल्या झोळ्या मंडळाच्या नावाने बांधाव्यात. पाच-सहा चादरी, पिण्याच्या पाण्याचे झाकणाचे पिंप, थोडी औषधपेटी आणि वाडीवरच्या दोघी आजींना मानधन, एवढाच खर्च आहे. पाळीचा कागद मी बचतीच्या वहीतच केला आहे. त्यात सोमवारी माझे नाव लिहिले आहे. बाकीचे वार मोकळे ठेवले आहेत.

ताराबाईंसारखे काम आपल्या हातून व्हायचे नाही. पण त्यांनीही सुरुवात एका अंगणापासूनच केली, आणि अंगण तर आपल्या सर्वांच्या दारात आहे. त्या थोर बाईंच्या स्मृतीस वंदन करून मी माझे चार शब्द पुरे करते.